फाल्गुनातल्या डोंगरवाटेवरची फुले कशी ओळखावीत

सह्याद्रीतली रानफुले म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भाद्रपदातले कासचे पठार उभे राहते. तो हंगाम देखणा असतो यात वाद नाही, पण त्या गर्दीतल्या कितीतरी जणांना माघ-फाल्गुनात त्याच डोंगररांगांत दुसरा एक बहर येऊन जातो याची कल्पनाही नसते. गवत वाळून पिवळे पडलेले असते, ओढ्यांचे पाणी डबक्यांपुरते उरते, निम्मे जंगल निष्पर्ण दिसते, आणि नेमक्या याच दिवसांत सावर, पळस, पांगारा, धायटी, उक्षी, करवंद अशी एकापाठोपाठ एक झाडेझुडपे फुलू लागतात. पावसाळी फुले पायाशी असतात, त्यामुळे ती वाकून पाहता येतात. वसंतातली बहुतेक फुले मात्र झाडांवर, झुडपांवर आणि वेलींवर असल्याने ती पाहण्याची आणि ओळखण्याची रीतही वेगळी ठेवावी लागते.

नवखा माणूस फूल रंगावरून ओळखू पाहतो, आणि या हंगामात तो हमखास फसतो, कारण फाल्गुनात डोंगरावर जे लांबून दिसते ते बहुतेक लालच असते. माझे सांगणे एवढेच आहे की ओळखीची सुरुवात वरच्या रंगापासून करू नये, ती झाडाखाली पडलेल्या फुलापासून करावी. पडलेले फूल हातात घेता येते, उलटून पाहता येते, त्याच्या पाकळ्या मोजता येतात आणि ते घेण्यासाठी काहीही तोडावे लागत नाही. रंग सर्वांत शेवटी विचारात घ्यावा.

निष्पर्ण झाडाला फुले का येतात

पानगळीच्या जंगलातले झाड हिवाळ्याच्या अखेरीस पाने टाकते ते पाणी वाचवण्यासाठी. पानांतून सतत वाफ बाहेर पडत असते आणि जमिनीचा वरचा थर तोवर कोरडा पडलेला असतो. पाने गळली की हा खर्च थांबतो, खोलवर गेलेल्या मुळांकडून येणारे पाणी खोडात आणि फांद्यांत पुन्हा साठू लागते, आणि त्या साठ्यावर कळ्या फुगतात. झाड वाळलेले दिसत असले तरी आतून ते चांगलेच भरलेले असते.

याच दिवसांत फुलण्यात झाडाचे दोन फायदे आहेत. एक तर पाने आड येत नसल्यामुळे फुले लांबून दिसतात, आणि परागीभवनासाठी पक्ष्यांवर अवलंबून असलेल्या झाडाला ते हवेच असते. लाल-केशरी रंग, भरपूर मध आणि वासाचा जवळजवळ अभाव ही पक्ष्यांना बोलावणाऱ्या फुलांची ठरलेली लक्षणे आहेत. दुसरे म्हणजे फाल्गुनात फूल धरले की वैशाखात बी तयार होते, ते पावसाच्या तोंडावर जमिनीवर पडते आणि रोपाला वाढायला पूर्ण पावसाळा मिळतो. सावरीचा कापूस ऐन उन्हाळ्यात उडताना आपण पाहतो, तो याच हिशेबाने.

पक्ष्यांचा हा संबंध फुले शोधतानाही कामी येतो. सकाळी उन्हं वर यायच्या आत मैना, साळुंकी, बुलबुल आणि कोतवाल यांचा एका जागी एकवटलेला गलका ऐकू आला तर तिकडे बहुधा सावर किंवा पांगारा फुललेला असतो, मग तो वळणाआड असला तरी.

तीन लाल झाडे

पळस, पांगारा आणि काटेसावर या तिघांचा घोटाळा सर्वांत अधिक होतो. तिन्ही झाडे साधारण एकाच काळात फुलतात, तिन्ही त्या वेळी निष्पर्ण असतात आणि लांबून तिन्ही लालच दिसतात. पडलेले फूल हाती आले की मात्र त्यांत गोंधळ होण्याचे काही कारण उरत नाही.

काटेसावरीचे फूल तळहाताएवढे असते. त्याला पाच पाकळ्या असतात आणि त्या इतक्या जाड, मांसल असतात की बोटाने दाबल्यावर मोडतात. पाकळ्यांखाली जाड हिरवट पेला असतो आणि मध्ये पुंकेसरांची जुडगी असतात. ते मोजायला घेतले तर साठाच्या वर जातात. फूल सुटे होऊन विखरत नाही, ते अख्खेच्या अख्खे धपकन खाली पडते, म्हणून सावरीखालची वाट अशा फुलांनी भरलेली असते आणि माकडे, हरणे ती खायला येतात. मान वर केली तर फांद्या खोडापासून मजल्या-मजल्याने आडव्या निघालेल्या दिसतात. कोवळ्या खोडावर शंकूच्या आकाराचे बळकट काटे असतात. जुन्या झाडाच्या बुंध्यावरचे काटे झडून गेलेले असू शकतात, त्यामुळे केवळ काटे नाहीत म्हणून ती सावर नव्हे असे ठरवू नये. सावरीचा रंगही नेहमी लाल नसतो. केशरी, क्वचित पिवळ्या फुलांची झाडेही आढळतात, आणि रंगावर विसंबणारा तेथेही चुकतो.

पळस आणि पांगारा हे दोघे मात्र शेंगावर्गी वनस्पतींच्या कुळातले आहेत. या कुळातल्या वाल, हरभरा, वाटाणा यांच्या फुलांची घडण एकच असते: मागे एक मोठी पाकळी, तिच्या पुढे दोन्ही बाजूंना एकेक आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली होडी. या होडीत दहा पुंकेसर असतात आणि त्यांतले नऊ बुडाशी एकमेकांना जोडलेले असतात. परसातल्या वालाच्या वेलीवरचे एखादे फूल एकदा उकलून पाहिले की ही घडण कायमची लक्षात राहते, आणि मग ती डोंगरावर कितीतरी ठिकाणी भेटते.

पळसाच्या फुलात पाचही पाकळ्या चांगल्या मोठ्या असतात. खालची होडी वाकून चोचीसारखी टोकदार होते आणि सगळ्या फुलावर बारीक रेशमी लव असते. पण पळसाची खरी खूण फुलाच्या बुडाशी आहे. तिथला पेला आणि देठ काळपट, मखमली असतो. फुललेल्या फांदीवर केशरी आणि काळा हे दोन रंग शेजारी शेजारी दिसतात, आणि न उमललेल्या कळ्यांमुळे फांदीचे टोक काळेच दिसते. पांगाऱ्याच्या फुलात मागची एकच पाकळी लांब आणि लालभडक असते, बाकीच्या चार इतक्या लहान की त्या शोधाव्या लागतात, आणि पुंकेसर उघडे, बाहेर डोकावणारे असतात. पांगाऱ्याची फुले फांदीच्या टोकाशी दाट तुऱ्यात येतात आणि खोडा-फांद्यांवर लहान काटे असतात. पळसाला काटे नसतात. त्याचे खोड वेडेवाकडे, साल राखी आणि खडबडीत असते.

पळसाला पाने तीनच, हे आपण सगळे म्हणतो. फाल्गुनात ती तीनही जागेवर नसतात ही पहिली अडचण, आणि पांगाऱ्यालाही तीनच असतात ही दुसरी. शिवाय ज्यांना आपण तीन पाने म्हणतो त्या खरे तर एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत. पान कोणते आणि पर्णिका कोणती हे ठरवण्याची सोपी कसोटी अशी की पानाचा देठ जेथे फांदीला मिळतो त्या बेचक्यात एक कळी असते, पर्णिकेच्या बुडाशी ती नसते. पळसाच्या पर्णिका चामड्यासारख्या जाड, रुंद आणि टोकाशी बोथट असतात, पांगाऱ्याच्या पातळ आणि टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या. झाडाखालच्या वाळक्या पाचोळ्यात त्या शोधल्या तर सापडतात. निष्पर्ण झाडाची पाने कुठेही गेलेली नसतात, ती बुंध्याशीच पडलेली असतात, आणि हा पाचोळा चाळण्याचा कंटाळा करणाऱ्याला वसंतातली झाडे कधीच नीट ओळखता येत नाहीत. सावरीची पर्णिकांची पाने वेगळीच असतात. देठाच्या एका टोकापासून पाच ते सात पर्णिका पसरलेल्या दिसतात.

कधी कधी पळसाची फुले भलत्याच झाडावर, अगदी शेंड्यापर्यंत चढलेली दिसतात. अशा वेळी ती पळसवेल असण्याची शक्यता असते. ही पळसाचीच सख्खी नातेवाईक, तीन पर्णिकांची, पण जाड खोडाची वेल आहे. आणि एखादे झाड संपूर्ण तांबडे दिसूनही त्याखाली एकही फूल पडलेले नसेल तर ते कुसुंब असणार. कुसुंबाची कोवळी पालवी फाल्गुन-चैत्रात लालभडक असते आणि घाटातून जाणाऱ्या गाड्यांतले लोक तिला बिनधास्त फुले समजतात.

फुलाचा कोणता भाग रंगीत आहे

फुलाला बाहेरून आत असे चार थर असतात हे शाळेत शिकलेले बहुतेकांना आठवत असते: निदलांचा पेला, पाकळ्या, पुंकेसर आणि मधला स्त्रीकेसर. निदले हिरवी आणि पाकळ्या रंगीत, हे मात्र दरवेळी खरे नसते, आणि वसंतातल्या दोन अगदी सर्वत्र भेटणाऱ्या वनस्पती नेमक्या येथेच चकवतात.

धायटी हे पुरुषभर उंचीचे झुडूप आहे. कातळाच्या कडा, घाटरस्त्यांसाठी फोडलेल्या दरडी, उजाड उतार अशा ठिकाणी ते हटकून उगवते आणि मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत फुलत राहते. त्याच्या कमानीसारख्या झुकलेल्या फांद्यांवर पानांच्या बेचक्यांत शेंदरी-लाल नळ्यांचे झुबके लागतात. ही नळी म्हणजे पाकळ्या नव्हेत, तो निदलांचा पेला आहे. भिंग लावून नळीच्या तोंडाशी पाहिले तर तिच्या सहा दातांच्या मधूनमधून सहा अतिशय बारीक, सुईच्या टोकासारख्या पाकळ्या दिसतात, आणि त्यांतून बारा लांब पुंकेसर बाहेर आलेले असतात. पाने समोरासमोर, भाल्याच्या आकाराची असतात आणि त्यांच्या खालच्या बाजूवर काळे ठिपके असतात. या दोन गोष्टी पडताळल्या की ओळखीत शंका राहत नाही. मध पिणारे शिंजीर या झुडपाभोवती सकाळी हमखास दिसतात. आयुर्वेदातली आसवे आणि अरिष्टे आंबवताना याच फुलांचा उपयोग होतो.

उक्षीची गोष्ट याच्या उलट आहे. ही मोठी, पसरट वेल किंवा झुडूप जंगलाच्या कडेला आणि खालच्या उतारांवर माजलेली असते आणि माघ ते चैत्र तिच्या फांद्या फिकट हिरवट-पांढऱ्या फुलोऱ्यांनी वाकतात. या फुलांना पाकळ्या नसतातच. जे दिसते ते पाच लवदार निदले आणि दहा पुंकेसर. पुढे पुंकेसर झडतात, पण निदले झडत नाहीत. ती वाढून कडक होतात आणि फळाला पाच पंख मिळतात, ज्यांच्या आधाराने ते गरगरत खाली येते. चैत्रात दिसणारी उक्षी फुललेली आहे की फळलेली, हे म्हणूनच पुंकेसर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

पांढरी फुले आणि दुधाळ चीक

पांढऱ्या, चांदणीसारख्या, सुवासिक फुलांचाही एक असाच घोळ आहे. करवंदीच्या जाळ्या माघाच्या अखेरीस फुलू लागतात आणि त्यांचा वास वाटेवर येतो, तेव्हा तिला जाई-जुईची रानटी जात समजणारे बरेच असतात. चैत्रात फुलणारी कुसर ही खरोखरच मोगऱ्याच्या कुळातली वेल आहे. दोघींची पाने समोरासमोर, दोघींचे फूल नळीसारखे आणि टोकाशी फाकलेले. करवंदीच्या नळीला पाच पाळ्या, म्हणजे टोकाशी फाकलेले पाकळ्यांसारखे भाग, असतात, त्या कळीत एका दिशेला पीळ घातल्यासारख्या असतात, झुडपाला काटे असतात आणि पान खुडले गेले की पांढरा चीक येतो. कुसरीला चीक नाही, काटे नाहीत, तिच्या पाळ्या पाचांपेक्षा अधिक, सहा ते दहाच्या आसपास असतात आणि नळीत पुंकेसर फक्त दोन असतात. दोन पुंकेसर ही मोगऱ्याच्या सगळ्या कुळाचीच खूण आहे. प्राजक्तालाही ते दोनच असतात.

पाच पाळ्यांचा पीळ आणि दुधाळ चीक हे दोन्ही एकत्र दिसले की कण्हेर-करवंदाचे कूळ डोळ्यांसमोर आणावे. त्यातच कुड्याच्या दोन जाती येतात आणि त्या चैत्र-वैशाखात फुलतात. काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखे तंतू असतात आणि पुंकेसर त्यांतून वर आलेले दिसतात. पांढऱ्या कुड्याच्या फुलात झालर नसते, पुंकेसर नळीत लपलेले असतात. दोघांच्या शेंगा जोडीने लोंबतात, पण काळ्या कुड्याची जोडी टोकांशी जुळलेली असते आणि पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा सुट्या राहतात. फूल हाताला लागत नसेल तर गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगाही पुरतात.

कुळ ओळखता येणे हे जातीचे नाव पाठ असण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे असे मला वाटते. शेंगावर्ग, कण्हेरीचे कूळ, मोगऱ्याचे कूळ अशी दोन-चार कुळे पक्की झाली की अनोळखी फुलापुढे माणूस अगदीच हतबल होत नाही.

जी फुले वेळ किंवा नजर चुकवतात

महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर येथल्या सदाहरित जंगलात फाल्गुन-चैत्रात अंजनी फुलते. पाने गडद, चिवट, समोरासमोर. आणि जुन्या काटक्यांना जागोजागी चिकटलेले निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ. प्रत्येक फूल करंगळीच्या नखाहून मोठे नसते, त्यात चार पाकळ्या आणि आठ पुंकेसर. आपल्याकडे या रंगाचे दुसरे झाड या दिवसांत जवळजवळ नसल्यामुळे ते ओळखायला सोपे आहे. या झाडालाही लोक अंजनच म्हणतात, आणि खानदेशाकडच्या कोरड्या रानात अंजन म्हणतात ते झाड संपूर्ण वेगळे, शेंगावर्गातले आहे. टिपण करताना हा फरक ध्यानात ठेवावा.

कुंभा दिवसा फुललेला दिसतच नाही. त्याची मोठी फुले संध्याकाळनंतर उमलतात, रात्री वटवाघळे त्यांवर येतात आणि सकाळपर्यंत पाकळ्या व पुंकेसर झडून जातात. सकाळी लवकर चढणाऱ्याला झाडाखाली चार हिरवट-पांढऱ्या पाकळ्या आणि बुडाशी गुलाबी असलेल्या असंख्य पुंकेसरांचे कडे पडलेले मिळते. हे पुंकेसर बुडाशी जुळलेले असल्याने ते कड्यासारखे एकसंध गळतात. उन्ह चढल्यावर ते कोमेजते आणि तिथे काही होते हे कळतही नाही.

कोरड्या, खडकाळ उतारावर निष्पर्ण लहानशा झाडाच्या टोकांवर मोठी, लखलखीत पिवळी फुले दिसली तर ती सोनसावर, म्हणजे गणेर. नावात सावर असली तरी काटेसावरीशी तिचे नाते नाही. तिच्या पाकळ्या पातळ असतात, खोडाला काटे नसतात आणि पान सुट्या पर्णिकांचे नसून हाताच्या पंजासारखे कापलेले असते. पिवळा म्हणजे बहावा असे लोक घाईने म्हणतात, पण बहावा चैत्राच्या आधी सहसा फुलत नाही आणि त्याचे घोस खाली लोंबतात.

झाडावरचे प्रत्येक फूल त्या झाडाचेच असते असेही नाही. निष्पर्ण झाडावर एखाद्याच फांदीला जाड हिरवी पाने आणि नळीसारखी नारिंगी फुले असतील तर ते बांडगूळ आहे. त्याचा जोड फांदीत घुसलेला स्पष्ट दिसतो. आंब्यावर तर ते सर्रास असते. आमरींचे, म्हणजे ऑर्किडचे, तसे नसते. त्या झाडावर बसतात पण झाडातून अन्न घेत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये खोडांवर पाने झडलेल्या बारीक कांड्यांना पांढऱ्या फुलांचे तुरे दिसतात, ते बहुधा डेंड्रोबियम बार्बाटुलम या आमरीचे असतात. आमरीची खूण अशी की तिची एक पाकळी इतर पाकळ्यांपेक्षा वेगळ्या घडणीची असते, आणि पुंकेसर व स्त्रीकेसर मिळून मध्ये एकच स्तंभ झालेला असतो.

जमिनीवर या दिवसांत फारसे काही नसते. वणव्याने काळ्या पडलेल्या किंवा उघड्या माळावर एकही पान नसलेली, नुसत्या फुलांची एक काठी उभी दिसली तर तो रानकांदा. त्याच्या फुलाला सहा सारख्याच पाकळ्या असतात, पाने पाऊस पडल्यावर येतात. त्याचा कांदा विषारी आहे, उपटून पाहण्याचे धाडस करू नये.

बाहेरून आलेल्या वनस्पतींचाही हिशेब ठेवावा लागतो. वनीकरणात लावलेली गिरिपुष्पाची झाडे माघात निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलांनी भरतात आणि फोटोंत फार गोजिरी दिसतात. ते झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे आहे. फुलाची घडण वालासारखीच, म्हणजे शेंगावर्गाचीच, पण पानाला तीन नव्हे तर ओळीने पुष्कळ पर्णिका असतात. घाणेरी आणि रानमोडी याही अमेरिका खंडातूनच आलेल्या, आणि वाटेच्या दोन्ही कडा त्यांनीच व्यापलेल्या असतात.

फोटो, ॲप आणि टिपण

फुलाचा समोरून काढलेला एक सुंदर फोटो ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. फूल बाजूने, म्हणजे पेला आणि देठ दिसतील असे, पान दोन्ही बाजूंनी, पाने फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे दिसेल असे, साल, आणि लांबून संपूर्ण झाड, एवढे फोटो असले तर जाणकाराला नाव सांगता येते. शेजारी बोट किंवा नाणे ठेवले की आकार कळतो. दहापट मोठे दाखवणारे लहान भिंग आणि उंच फुलांसाठी दुर्बीण, एवढी साधने पुरेशी आहेत.

गूगल लेन्स किंवा आयनॅचरलिस्ट यांसारखी साधने जरूर वापरावीत, पण त्यांनी दिलेले नाव हा अंदाज समजावा. त्यांना फोटोत जे दिसते तेवढेच कळते. चीक येतो का, वास कसा आहे, कांड्यांवर काटे आहेत का, हे आपणच पाहायचे असते. आयनॅचरलिस्टवर ठिकाण आणि तारीख नोंदली जाते आणि दुसरी माणसे ओळख तपासू शकतात, म्हणून माझा कल तिकडे आहे. फारच अडलेली ओळख असेल तर वाळवून जपलेल्या नमुन्यांशी ताडून पाहणे हाच शेवटचा उपाय. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातले १९०६ साली सुरू झालेले ब्लॅटर हर्बेरियम आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र येथे असे संग्रह आहेत.

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात फूलपान तोडून नेण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. इतरत्रही पडलेल्या फुलांवर काम भागते. पाचोळा हाताने चाळण्याआधी मात्र वर एकदा नजर टाकावी, कारण याच दिवसांत खाजकुयलीच्या लवदार शेंगा वाळून तयार असतात आणि त्यांची कुसे अंगाला लागली की पुढचा सगळा चढ खाजवण्यात जातो. फुललेल्या मोठ्या झाडांच्या आसपास कड्यांना आग्या मोहोळे असू शकतात. तेथे आवाज, धूर आणि उग्र अत्तरे टाळावीत.

तारीख, गाव आणि साधारण उंची लिहून ठेवणे हे नाव लिहून ठेवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. एकच झाड कोकणच्या बाजूला आधी आणि माथ्यावर उशिरा फुलते, त्यामुळे पुस्तकात दिलेला महिना आपल्या वाटेला तंतोतंत लागू पडत नाही. एवढे करूनही शंका उरली, तर वैशाखात त्याच झाडाखाली पुन्हा जावे. फूल जे सांगत नाही ते फळ सांगते. शेंग चपटी आणि तिच्या टोकाशी एकच बी असेल तर तो पळस, शेंग बियांच्या मधे आवळलेली असेल तर पांगारा, आणि बोंड फुटून कापूस उडत असेल तर सावर. मात्र कापूस सोनसावरीच्या बोंडातही असतो, तेव्हा तेथे खोडावरचे काटे आणि नव्याने आलेले पान पाहूनच नाव लिहावे.